पुस्तकाची किंमत आणि पुस्तकाची वाट

महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दर काही वर्षांनी निर्लेखनाचा प्रसंग येतो. फाटलेली, वाळवी लागलेली, कोणी मागत नसलेली पुस्तके बाजूला काढायची, त्यांची यादी करायची, समितीने सह्या करायच्या आणि गठ्ठे रद्दीकडे रवाना करायचे, असा त्याचा शिरस्ता. आमच्यापैकी एक बारामतीस मराठी शिकवतो, दुसरा इंदापुरास. एकाच्या वाट्याला हे काम आले तेव्हा त्याने दुसऱ्याला मुद्दाम बोलावून घेतले. पुस्तके टाकून देण्याचे काम एकट्याने करू नये, असे आम्हां दोघांचेही मत आहे.

त्या गठ्ठ्यांत तीन पुस्तके एकाखाली एक निघाली. पहिले ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघालेल्या स्वस्त आवृत्तीतले इंग्रजी पुस्तक. दुसरे मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचे, जाड बांधणीचे, अजूनही घट्ट शिवण असलेले. तिसरे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ, नागपूर या संस्थेचे मराठी पुस्तक. पहिल्या दोहोंच्या आतील चिठ्ठ्या तारखांच्या शिक्क्यांनी भरल्या होत्या. तिसऱ्याच्या चिठ्ठीवर तीन-चारच शिक्के होते. हे पुस्तक आमच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत होते, किंमत त्या काळच्या मानानेही अल्प होती आणि मजकूर आजही वाचनीय आहे. तरी ते वाचले गेले नाही. का गेले नाही, या प्रश्नाने हा लेख सुरू झाला.

महाविद्यालयीन पुस्तके स्वस्त व्हावीत म्हणून सरकारने काहीच केले नाही, असा एक समज आपल्याकडे आहे. इतिहास पाहता तो टिकत नाही. सरकारने पुष्कळ केले आणि वेगवेगळ्या मार्गांनी केले. मात्र त्या सर्व प्रयत्नांचे लक्ष पुस्तकावर छापलेल्या किमतीकडे होते. जून महिन्यात तालुक्याच्या गावी विद्यार्थ्याच्या हातात पुस्तक पडते की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि तो बहुतेक वेळा कोणाचाच नव्हता.

पाठ्यपुस्तकाची चिंता सरकारने वाहावी ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, १८२२ साली मुंबईत शाळापुस्तक मंडळी उभी राहिली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिससारख्या अधिकाऱ्याने मराठीत गणिताची पुस्तके करवून घेतली. पुढे पेशवाईतून चालत आलेल्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळला. त्यामागे लोकहितवादींसारख्या तरुण सुधारकांचा आग्रह होता. त्या काळी पुस्तकाची भाषा आणि पुस्तकाची किंमत हे दोन प्रश्न वेगळे मानले जात नव्हते, हे येथे नमूद करावयास हवे. विसाव्या शतकात ते वेगळे झाले आणि आमच्या मते घोटाळा तेथून सुरू झाला.

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले. त्याच वर्षी कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पुणे विद्यापीठ तेव्हा तेरा वर्षांचे होते. उच्च शिक्षण पुण्या-मुंबईबाहेर पडून नीरेच्या डाव्या कालव्याकाठी पोहोचण्याचा हा काळ. कालव्याचे पाणी आणि साखर कारखाने यांमुळे काही घरांत पैसा आला होता, पण महाविद्यालयात आलेली मुले बहुधा घरातली पहिलीच शिकणारी होती. इंदापूर तालुक्याचा मोठा भाग कोरडवाहू होता. पुढे १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरे झाले, भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली आणि नव्या गावठाणांत घर मांडणाऱ्या कुटुंबांतली मुले आमच्या वर्गांत येऊ लागली. अशा घरात पुस्तक विकत घेणे हा खर्चाचा शेवटचा आकडा असतो. आधी फी, मग एस.टी.चा पास, मग वह्या आणि उरले तर पुस्तक.

या मुलांसाठी साठच्या दशकात स्वस्त पुस्तके होती का? होती, आणि ती तीन परकी सरकारांच्या कृपेने होती. ब्रिटिश सरकारने १९६० च्या सुमारास इंग्लिश लँग्वेज बुक सोसायटीची योजना आणली. तिच्यामुळे इंग्लंडमधली प्रमाण पाठ्यपुस्तके भारतात मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळू लागली. अमेरिकेने ‘पी.एल. ४८०’ खाली धान्य पाठवले, त्याचे पैसे भारताने रुपयांत भरले आणि त्या साठलेल्या रुपयांतला काही भाग अमेरिकन पाठ्यपुस्तकांच्या भारतीय आवृत्त्या स्वस्त करण्यात खर्च झाला. आपण मिलो ज्वारी खाल्ली आणि तिच्याच पैशावर अर्थशास्त्र वाचले, असे म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. सोव्हिएत रशियाने गणित, भौतिकी आणि अभियांत्रिकीची पुस्तके जवळजवळ वाटल्यासारखीच दिली. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहासारख्या संस्थांनी ती महाराष्ट्रात पोहोचवली.

या पुस्तकांनी विज्ञानशाखेच्या एका पिढीचे निश्चित भले केले. आमच्या गठ्ठ्यातल्या भरलेल्या चिठ्ठ्या त्याच सांगत होत्या. पण यात दोन उणिवा होत्या. ती सारी इंग्रजीत होती, म्हणजे कला आणि वाणिज्य शाखांत मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्या बहुसंख्य मुलांना त्यांचा उपयोग नव्हता. दुसरे, ती आपल्या गरजेवर चालत नव्हती. १९७४ साली अमेरिकेशी रुपयांच्या शिलकीचा हिशेब मिटला, १९९१ साली सोव्हिएत संघच उरला नाही आणि १९९७ साली ब्रिटिश योजनाही बंद झाली. दुसऱ्याच्या परराष्ट्र धोरणातून आलेली स्वस्ताई त्या धोरणाबरोबर गेली.

भारत सरकारला भाषेच्या प्रश्नाची जाणीव नव्हती असे नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) विद्यापीठात प्रादेशिक भाषांतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुस्तकनिर्मितीवर एक छोटेसे कलम आहे. ते प्रत्येक प्राध्यापकाने एकदा वाचावे असे आहे. पुस्तके उत्तम दर्जाची असावीत, ती वारंवार बदलू नयेत, त्यांच्या किमती सामान्य परिस्थितीतल्या विद्यार्थ्याला परवडतील इतक्या कमी असाव्यात आणि प्रादेशिक भाषांतील विद्यापीठीय ग्रंथांकडे विशेष लक्ष द्यावे, असा त्याचा आशय. दर्जा, स्थैर्य, किंमत आणि भाषा या चारही गोष्टी धोरणकर्त्यांनी एकत्र बांधल्या होत्या.

त्याच सुमारास केंद्राने प्रत्येक मोठ्या राज्याला विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीसाठी एक कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची योजना आखली. तिच्यातून राजस्थान आणि मध्य प्रदेशात हिंदी ग्रंथ अकादमी, गुजरातेत युनिव्हर्सिटी ग्रंथनिर्माण बोर्ड, केरळात भाषा इन्स्टिट्यूट आणि आंध्रात तेलुगू अकादमी उभ्या राहिल्या. महाराष्ट्राचे मंडळ नागपुरास आले. १९६१ पासून केंद्राचा पारिभाषिक शब्दावली आयोग काम करीत होता, राज्याचे भाषा संचालनालय परिभाषा कोश तयार करीत होते. शब्द होते, पैसा होता, लिहिणारे विद्वानही होते. अ. रा. कुलकर्णी आणि ग. ह. खरे यांनी संपादित केलेला ‘मराठ्यांचा इतिहास’ या मंडळासाठीच सिद्ध झाला. तो इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आजही टाळता येत नाही. तेव्हा मंडळाचे काम हलके होते असे कोणी म्हणू नये.

मग ते इंदापुरापर्यंत का आले नाही? आम्हांस याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण अभ्यासक्रमाचे. मंडळाची पुस्तके साऱ्या महाराष्ट्रासाठी होती, पण अभ्यासक्रम साऱ्या महाराष्ट्राचा कधीच नव्हता. मुंबई, नागपूर, पुणे, मराठवाडा, शिवाजी अशी प्रत्येक विद्यापीठाची मंडळे वेगळी, पेपर वेगळे आणि प्रकरणांचा क्रमही वेगळा. सर्वांना चालेल असे पुस्तक कोणाच्याच पेपरला नेमके बसत नाही. परिणामी ही पुस्तके ‘क्रमिक’ न राहता ‘संदर्भ’ झाली. आमच्याकडे ‘संदर्भग्रंथ’ याचा व्यवहारातला अर्थ, अभ्यासक्रमाच्या शेवटी छापलेले आणि कोणी न मागितलेले पुस्तक, असाच आहे.

दुसरे कारण वेळेचे. लेखक ठरवणे, हस्तलिखित तपासणे, परिभाषा निश्चित करणे, छपाई करणे यांत वर्षे जातात. तोवर अभ्यासक्रम पालटतो. हा दोष जुनाच नव्हे. पुणे विद्यापीठाचे पदवी अभ्यासक्रम अलीकडे २०१३, २०१९ आणि पुन्हा २०२४ मध्ये नव्या आकृतिबंधात आले. अकरा वर्षांत तीन आकृतिबंध! पुस्तके वारंवार बदलू नयेत, ही १९६८ च्या धोरणातली अट किमतीच्या अटीइतकीच महत्त्वाची होती. किंमत लक्षात राहिली, स्थैर्य विसरले गेले. वास्तविक वारंवार बदलणारे पुस्तक स्वस्त असूच शकत नाही, कारण थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीला चालत नाही आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातले जुने पुस्तकही निकामी ठरते.

तिसरे कारण दुकानदाराचे. तालुक्याच्या गावचा पुस्तकविक्रेता मुख्यतः वह्या, शालेय पुस्तके आणि जून-जुलैच्या हंगामावर जगतो. त्याचा हिशेब सरळ असतो. ज्या मालावर सूट चांगली, जो उधारीवर येतो, न खपल्यास परत जातो आणि मागणी केल्यावर दोन दिवसांत पोहोचतो, तो तो ठेवणार. सरकारी प्रकाशनात बहुधा या चारही गोष्टी नसतात. नागपूरचे पुस्तक स्वस्त होते, पण ते स्वस्त असल्यामुळेच त्यात विक्रेत्याला काही सुटत नव्हते. ते गोदामात राहिले आणि दुकानाच्या फळीवर गाईड आले.

याच्या उलट उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुण्याची बालभारती १९६७ साली स्थापन झाली आणि शालेय पुस्तक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पोहोचू लागले. कारण तेथे अभ्यासक्रम एक होता, छपाईचा आकडा लाखांत होता, साठवणुकीची केंद्रे विभागवार होती आणि शाळा सुरू होण्यापूर्वी पुस्तक पोहोचले नाही तर विधानसभेत प्रश्न विचारला जाई. महाविद्यालयीन पुस्तक न पोहोचल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आणीबाणीच्या काळातला एक प्रयत्न आज विस्मरणात गेला आहे. १ जुलै १९७५ रोजी जाहीर झालेल्या वीसकलमी कार्यक्रमात पुस्तके आणि लेखनसाहित्य नियंत्रित दराने पुरवण्याचे एक कलम होते. शैक्षणिक छपाईसाठी सवलतीचा कागद देण्याची व्यवस्था त्या दशकात होतीच. या कार्यक्रमाने महाविद्यालयांतील ‘बुक बँक’ या कल्पनेलाही बळ दिले. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकांचा संच द्यायचा आणि परीक्षा झाल्यावर परत घ्यायचा, अशी ही साधी योजना. १९७८–७९ पासून केंद्राने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा अभ्यासक्रमांना पुस्तकपेढीची स्वतंत्र योजना सुरू केली आणि काही विद्यार्थ्यांत मिळून एक संच असे प्रमाण ठरवले. कालेलकर वा कोठारींच्या अहवालांइतका तिचा बोलबाला झाला नाही, पण जी पुस्तके घेणे मध्यमवर्गीय घरालाही जड जाते ती दलित विद्यार्थ्याच्या खोलीवर पोहोचवणारी ही योजना होती. आमच्या मते सरकारी प्रयत्नांतला हा सर्वांत शहाणा प्रयत्न. त्यात पुस्तकाची किंमत कमी केली नव्हती. पुस्तक विकत घेण्याची गरजच काढून टाकली होती. कला शाखेच्या मराठी माध्यमाच्या मुलांपर्यंत मात्र तो तितक्या जोमाने आला नाही. जेथे आला, तेथे अभ्यासक्रम पालटताच संच एका रात्रीत रद्दी झाले.

या पोकळीत गाईड उभे राहिले. गाईडवर टीका करणे सोपे आहे आणि आमच्या व्यवसायात ती नित्य होते. पण गाईड नेमके पेपराप्रमाणे असते, मराठीत असते, जूनमध्ये नाही तरी ऑगस्टमध्ये इंदापूरच्या स्टँडजवळ मिळते आणि त्याची किंमत दोन वेळच्या जेवणाइतकी असते. धोरणात लिहिलेल्या अटींपैकी दर्जा सोडून बाकी साऱ्या त्याने पाळल्या. आणि आम्ही काय केले? वर्गात ग्रंथांची नावे फळ्यावर लिहिली, ते ग्रंथ कोठे मिळतील हे सांगितले नाही, कारण आम्हांलाही ठाऊक नव्हते. मग टिपणे उतरवून दिली. ती टिपणे आम्ही विद्यार्थी असताना आमच्या गुरुजींनी आम्हांला उतरवून दिलेल्या टिपणांवरून केलेली होती, हे कबूल करावयास संकोच वाटू नये. आमच्यापैकी एकाने नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, तासिका तत्त्वावर असताना, एका गाईडसाठी दोन प्रकरणे लिहिली. मानधन हातोहात मिळाले. नागपूरच्या मंडळासारख्या कामासाठी लिहिण्याचे आमंत्रण त्याला कधी आले नाही, पण आले असते तरी घरभाड्याच्या तारखेपूर्वी पैसे मिळाले असते का, याची शंकाच आहे. याचा परिणाम असा की एकही पूर्ण ग्रंथ न वाचता पदवीधर झालेल्या मुलामुलींच्या काही पिढ्या आमच्या हातून गेल्या. यात त्यांची बुद्धी कमी पडली नाही.

कायद्याचा मार्गही भारताने चोखाळला, हे फारसे कोणास माहीत नसते. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत आणि नंतर १९७१ च्या पॅरिस सुधारणेत, विकसनशील देशांना शिक्षणासाठी परकी पुस्तकांचे भाषांतर व पुनर्मुद्रण करण्याची सवलत मिळावी म्हणून भारताने आग्रह धरला. १९८३ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात तशी कलमे आली. विज्ञान-तंत्रज्ञानाचे पुस्तक रास्त किमतीत उपलब्ध नसेल तर प्रसिद्धीनंतर तीन वर्षांनी पुनर्मुद्रणाचा परवाना मागता येतो. व्यवहारात मात्र या वाटेने फार थोडे कोणी गेले. खरे पुनर्मुद्रण महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्स दुकानात झाले. २०१२ साली तीन मोठ्या परकी प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठातल्या अशाच एका दुकानावर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिक्षणाच्या ओघात केलेल्या प्रती हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व उचलून धरले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे. परंतु मराठीत त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. पाचशे प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाच्या शंभर झेरॉक्स निघाल्या तर दुसरी आवृत्ती निघत नाही आणि पुढचा लेखक गाईडकडे वळतो. इंग्रजीत जो उपाय आहे तोच मराठीत रोग होऊ शकतो.

पुस्तक पोहोचल्याचे एक उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेथे वर्ग नव्हता, म्हणून पुस्तकाला पर्याय नव्हता. पुस्तके अभ्यासक्रमासाठीच लिहून घेतली गेली, मराठीत लिहून घेतली गेली, आणि ती विकण्याऐवजी प्रवेशाबरोबर देण्याची पद्धत पडली. शेतमजूर, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका यांच्या घरांत ती गेली. नियमित महाविद्यालयांतले आमच्यासारखे प्राध्यापकही तीच पुस्तके पुढ्यात घेऊन शिकवत, हे उघड गुपित आहे. लेखक तेच, भाषा तीच, राज्यही तेच. फरक इतकाच की पुस्तक पोहोचवणे हे तेथे कोणाचे तरी काम होते.

आज पुन्हा एकदा पुस्तकांचा हंगाम आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय भाषांचा आग्रह धरला. जुलै २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘अस्मिता’ प्रकल्प जाहीर केला. पाच वर्षांत बावीस भाषांत २२,००० पुस्तके असा त्याचा संकल्प आहे, म्हणजे मराठीच्या वाट्याला हजारभर. २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘भारतीय भाषा पुस्तक’ योजना आली. तिच्यात शालेय व उच्च शिक्षणाची पुस्तके डिजिटल रूपात द्यायची आहेत. दुसरीकडे छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, पण ते ज्या कागदावर छापतात त्यावर आहे. पुस्तक करमुक्त असल्याने कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तो कर शेवटी किमतीतच उतरतो. एका हाताने सवलत आणि दुसऱ्या हाताने वसुली, असा हा प्रकार आहे.

डिजिटल पुस्तकाने वाटेचा प्रश्न सुटेल, असे म्हटले जाते. काही अंशी सुटेलही. नागपूरहून गाडी भरून आणण्याची गरज उरणार नाही. परंतु घरात एकच मोबाईल असेल, तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर जात असेल आणि तीनशे पानांचा ग्रंथ हाताएवढ्या पडद्यावर वाचायचा असेल, तर ‘उपलब्ध’ आणि ‘हाती’ यांतले अंतर तसेच राहते. हजार पुस्तके निघतील याबद्दल आम्हांस शंका नाही. त्यांतले एखादे इंदापूरच्या मुलीला कोण देणार, एवढेच आम्ही विचारतो.

आमची मागणी मोठी नाही. अभ्यासक्रम निदान सहा-सात वर्षे स्थिर ठेवावा. प्रत्येक पेपराला एक मराठी पुस्तक नेमावे आणि ते निघेपर्यंत तो पेपर सुरू करू नये. पुस्तकपेढीचे जुने तत्त्व कला आणि वाणिज्य शाखांनाही लावावे. विक्रेत्याला त्यात चार पैसे सुटू द्यावेत. आणि पुस्तक न पोहोचल्यास त्याचे उत्तर कोणी द्यायचे, ते आदेशातच लिहावे.

त्या दिवशी आम्ही यादीवर सह्या केल्या, मात्र नागपूरच्या मंडळाचे पुस्तक यादीतून वगळण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. ते आता विभागाच्या कपाटात आहे. त्याच्याबरोबर आम्ही वर्गणी काढून घेतलेली काही मराठी पुस्तके ठेवली आहेत. ती जूनमध्ये द्यायची आणि परीक्षेनंतर परत घ्यायची, असा नेम केला आहे. मागच्या वर्षी सारी परत आली. नागपूरच्या पुस्तकातही काही ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे त्या खोडायला हव्या होत्या. आम्ही त्या तशाच ठेवल्या आहेत.